पाया कोणाच्या नावाचा?



बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील आमचे हळ्ळीखेड (बी) हे गाव पुष्कळांस ठाऊक आहे ते तेथील सहकारी साखर कारखान्यामुळे. गाळपाच्या दिवसांत उसाच्या गाड्यांची रांग लागली, की बाजारपेठेत चार पैसे खेळत. पुढे गाळप बंद राहण्याचे दिवसही ह्या गावाने पाहिले. त्याची कारणे शोधणे हे जाणकारांचे काम आहे, आमचे नव्हे. पण त्या दिवसांत चहाच्या हॉटेलात बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न आमच्या कानी पडला, तो अद्याप मनातून जात नाही. तो म्हणाला, "एवढ्या लोकांनी मिळून उभं केलेलं बंद कसं पडतं?"

हा प्रश्न केवळ कारखान्याचा नाही. आमच्या मंडळ्यांतून किती कामे मोठ्या उत्साहाने सुरू होतात! तरुण संघ निघतो, महिला मंडळ निघते, वाचनालयाचे कपाट येते. तीन-चार वर्षांनी पाहावे तर कपाटाला कुलूप, आणि किल्ली कोणाजवळ आहे हे कोणासच ठाऊक नसते. तेव्हा देवाच्या नावाने सुरू केलेले काम टिकते कशाने, ह्याचा विचार ह्या पाठात करू. पाठ शिकविण्यापूर्वी शिक्षकांनी निर्गम १८, प्रेषितांची कृत्ये ६, दुसरे करिंथ ८ आणि दुसरे तीमथ्य २ हे अध्याय घरी वाचून यावे.

उदाहरण म्हणून आपण पंडिता रमाबाईंचे काम घेऊ. रमाबाई आपल्याला परक्या नाहीत. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातच, पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. गुलबर्ग्याहून पुण्याकडे रेल्वेने जाताना दौंड मागे पडले, की केडगाव स्टेशन लागते. तेथेच त्यांचे मुक्ती मिशन आहे. त्यांना जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी निराधार स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी तेथील काम आजही चालू आहे. हे कसे झाले?

१. पाटीवर जे, तेच आत

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय बालविधवांना शिक्षण द्यावे आणि कोणाच्याही धर्मात हात घालू नये, असा तिचा नियम होता. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या प्रसंगात एकच बाजू खरी, असे आम्ही मानीत नाही. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही हे खरे. पण पालकांनी एका वचनावर विश्वासून मुली पाठविल्या होत्या, हेही तितकेच खरे. शिकण्यासारखे ते पुढे आहे. पाच वर्षांनी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले ते उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. जो येईल त्याला दारातच कळे, की हे घर कशाचे आहे. पाटीवर एक व आत दुसरे असे असले, म्हणजे हेतू चांगला असूनही संशयाला जागा राहते; आणि संशय ही संस्थेच्या भिंतीतील वाळवी होय. आपल्या मंडळीत 'गरिबांसाठी निधी' म्हणून गोळा केलेले पैसे रंगकामाला लावले, तर रंग उजळ दिसेल, पण विश्वास फिका पडेल.

२. झाडे आधी, फळे मागून

शारदासदनाचा खर्च अमेरिकेतील मित्रांच्या मदतीवर चाले. १८८७ साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. दहा वर्षांनंतर काय? मुदत संपल्यावर हातात पत्र घेऊन रडत बसण्यापेक्षा रमाबाईंनी आधीच केडगावला जमीन घेतली आणि तीत फळझाडे लावली. झाडे मोठी होतील, त्यांचे उत्पन्न येईल आणि सदन आपल्या पायावर उभे राहील, असा त्यांचा विचार होता.

पुढे घडले ते माणसाच्या योजनेपलीकडचे होते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगमुळे इतक्या मुलींना ठेवणे अशक्य झाले. तेव्हा फळझाडांसाठी घेतलेली ती जमीनच आसरा झाली. पुढे १९०० च्या दुष्काळात तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली.

आपण शेतकऱ्यांची माणसे आहोत. पावसाळा तोंडावर आल्यावर विहीर खणावयास घेणारा मनुष्य शहाणा नव्हे, हे आपण जाणतो. मग मंडळीच्या कामातच आपण बाहेरून येणाऱ्या मदतीवर डोळे लावून का बसतो? मदत घेण्यात पाप नाही. मदत चालू असताना आपले झाड न लावणे हा आळस आहे.

३. हिशेब दहा डोळ्यांपुढे

येथे आम्हांला आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. तरुणपणी आम्ही काही जणांनी मंडळीत मूठभर धान्याची योजना सुरू केली होती. प्रत्येक घरी बहिणी रोजच्या स्वयंपाकातून मूठभर ज्वारी बाजूला ठेवीत. महिन्याकाठी ती विकून आजाऱ्यांना व विधवांना मदत होई. तीन वर्षे काम छान चालले. वही एकाच भावाच्या घरी असे. तो प्रामाणिक होता, म्हणून आम्ही कधी वही पाहिली नाही. पुढे नोकरीसाठी त्याला परगावी जावे लागले. त्याच्यामागे कोणी काही बोलले, कोणी ते खरे मानले, आणि घरोघरची मडकी रिकामी झाली. त्या भावाने एक पैसाही घेतला नव्हता. दोष आमचा होता. आम्ही त्याच्यावर विश्वास टाकला, पण त्याचे नाव निष्कलंक राहील अशी व्यवस्था केली नाही.

प्रेषित पौलाने मात्र ही काळजी घेतली. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमविलेले दान त्याने एकट्याने नेले नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ त्याने घेतला. देवापुढे तर खरे असावेच, पण माणसांपुढेही खरे दिसावे, असा त्याचा कटाक्ष होता (दुसरे करिंथ ८). हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत आपण मुलांच्या मनातून लहानपणीच काढावी.

४. काम शिकवावे, मग वाटावे

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसे. त्याचा सासरा इथ्रो ह्याने ते पाहिले व स्पष्ट सांगितले, की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले गेले. यरुशलेमेच्या मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जणांना ते काम सोपविले. आणि त्यानंतर वचनाचा प्रसार वाढला, असे लूक नमूद करतो.

केडगावला हेच दिसते. तेथे शारदासदन, मुक्तिसदन, कृपासदन, वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन आणि आंधळ्यांसाठी बार्तिमय सदन असे निरनिराळे विभाग झाले. मुलींना वाचणे-लिहिणे तर शिकवीतच, पण विणकाम, शेती, गुरांची निगा आणि छापखान्याचे कामही शिकवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी छापले. छपाई पुरी झाली १९२४ साली, म्हणजे रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. एके काळी ज्यांना अन्न कोण देईल हा प्रश्न होता, त्या स्त्रियांच्या हातांनी बाईंचे अपुरे काम पुरे केले. संस्था टिकण्याचा ह्याहून मोठा पुरावा आम्हांला माहीत नाही.

५. वारस जाईल, तरी काम राहील

रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई विद्यापीठाची पदवीधर होती. अंधांना शिकविता यावे म्हणून ती ब्रेल लिपी शिकली. आपल्या गुलबर्ग्यालाही तिने १९१३ च्या सुमारास शाळा सुरू केली. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आईमागे तिनेच सर्व सांभाळावे, असे ठरले होते. पण २४ जुलै १९२१ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई वारली. नऊ महिने पुरे होण्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही प्रभूकडे गेल्या.

आई गेली, मुलगीही गेली. ज्या घरचा आधार असा जातो त्या घराला टाळे लागते, हा जगाचा अनुभव. पण मुक्तीला टाळे लागले नाही. कारण रमाबाईंनी केवळ आपल्या रक्ताचा वारस तयार केला नव्हता. शेकडो हातांना काम शिकविले होते. पौल तीमथ्याला हेच सांगतो: तू जे ऐकलेस ते विश्वासू माणसांना दे, म्हणजे ती इतरांनाही शिकवितील. मोजून पाहा, येथे एकामागून एक चार पिढ्या उभ्या आहेत.

मात्र टिकणे हेच ध्येय नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दुष्काळ सरला, अनाथ मुली मोठ्या झाल्या, तशी केडगावची वस्ती कमी होत गेली. कामाचे रूप बदलले, पण निराधाराला आसरा हा हेतू बदलला नाही. जेथे हेतू मेला आहे तेथे नुसती पाटी टिकवून धरणे म्हणजे थडग्याला चुना लावणे होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

वर्गात मुलांना पाटीवर दोन रकाने आखावयास सांगा. पहिल्या रकान्यात आपल्या मंडळीतील कामे व ती करणाऱ्याचे नाव लिहावे: घंटा कोण वाजवितो, दिवे कोण लावतो, अर्पण कोण मोजतो, गीते कोण काढतो, आजाऱ्यांकडे कोण जातो, लहान मुलांना कोण शिकवितो. दुसऱ्या रकान्यात, तो मनुष्य उद्या नसला तर ते काम करू शकेल अशा दुसऱ्याचे नाव लिहावे. मोठ्यांच्या वर्गात पुढील प्रश्न विचारावेत: आपल्या कोणत्या कामाची पाटी एक व आतील गोष्ट दुसरी आहे? मंडळीचा हिशेब शेवटी केव्हा सर्वांपुढे वाचला गेला? बाहेरची मदत उद्या थांबली, तर कोणते काम चालू राहील?

हा पाठ तयार करताना आम्ही प्रथम स्वतःच ते दोन रकाने भरले. आमची मुले शाळेत कानडी शिकतात आणि रविवारी मराठीत गीते गातात. ही मराठी शब्बाथशाळा पुढे चालावी, असे आम्ही नेहमी म्हणतो. सात कामे लिहिली. पाच कामांपुढे दुसरा रकाना कोरा राहिला; आणि त्या पाचांपैकी तिहींपुढे पहिल्या रकान्यात आमचेच नाव होते. इतकी वर्षे ज्याला आम्ही सेवा समजत होतो, तीत 'माझ्यावाचून चालत नाही' ह्या गर्वाचाही वाटा होता, हे त्या कोऱ्या जागेने आम्हांला दाखविले.

गेल्या रविवारपासून नववीतील एक मुलगी लहान मुलांना गोष्ट सांगू लागली आहे. ती अडखळते. आम्ही मागच्या बाकावर बसतो आणि तोंड मिटून ऐकतो. हे आम्हांला सोपे जात नाही. पण पायाला आमचे नाव नसावे, तो प्रभू येशूच असावा, हे शिकण्यासाठी मागचा बाक ही चांगली जागा आहे. आपल्या मंडळीतही अशी कोरी जागा असेल. ती येत्या महिन्यात भरावी, आणि त्यासाठी प्रभूने आपल्याला नम्रता द्यावी, अशी आमची प्रार्थना आहे.