वाफसा हरवलेली जमीन



जुलै संपत आला होता. बाहेर संततधार लागली होती आणि आठवीच्या वर्गात मी मुळांचे कार्य शिकवीत होतो. वडगावच्या बाजूने येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, भात तर पाण्यातलंच पीक ना? मग आमचं भात पाण्यानं कुजलं कसं? बाबांना दुसऱ्यांदा पेरावं लागलं." तेवढ्यात घंटा झाली आणि माझे उत्तर अर्धेच राहिले. खरे सांगायचे तर ते पुरे करण्याइतकी माझीही तयारी त्या दिवशी नव्हती. त्या अर्ध्या उत्तरासाठी हा लेख. पालकांनीही तो वाचावा. यातील बऱ्याच गोष्टी ते माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहतात.

सुरुवात आपल्याच भाषेतल्या एका सुंदर शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे वाफसा. पाऊस उघडला, दोन दिवस ऊन पडले की आजोबा शेतात जातात, मूठभर माती दाबून पाहतात आणि सांगतात, "अजून वाफसा नाही, कुळव घालू नका." ते काय पाहतात? चार बोटे खोलीवरची माती मुठीत दाबली की तिचा गोळा व्हावा आणि तो खाली टाकला की फुटावा. गोळाच झाला नाही तर ओल कमी. गोळा चिकटून राहिला, फुटलाच नाही, तर पाणी जास्त. फुटला तर वाफसा.

शास्त्राच्या भाषेत हेच असे सांगता येईल. चांगल्या जमिनीच्या आकारमानाचा साधारण अर्धा भाग मातीच्या कणांचा व सेंद्रिय पदार्थांचा असतो आणि उरलेला अर्धा भाग कणांमधल्या पोकळ्यांचा. या पोकळ्यांत जेव्हा निम्मे पाणी आणि निम्मी हवा असते तेव्हा जमीन वाफशावर असते. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि तशाच भरलेल्या राहिल्या की ती जमीन पाणथळ झाली. आपले शेतकरी तिला 'चिबड' म्हणतात.

मूळ हे जिवंत असते आणि ते श्वसन करते, हे आपण शिकलो आहोत. ते ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हवेतून ऑक्सिजन मुळापर्यंत झपाट्याने पोहोचतो. पाण्यातून त्याचा प्रवास सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. त्यामुळे पोकळ्यांत पाणी भरले की आत अडकलेला ऑक्सिजन मुळे आणि मातीतले सूक्ष्म जीव एक-दोन दिवसांतच संपवतात. मुळे गुदमरतात. सूक्ष्म जीव मात्र हार मानत नाहीत. ऑक्सिजन नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या पदार्थांकडे वळतात, आणि गंमत म्हणजे तेही ठरावीक क्रमाने. प्रथम नायट्रेट. त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत उडून जातो. मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट आणि सर्वांत शेवटी मिथेन वायू तयार होऊ लागतो.

हा क्रम तुम्हाला प्रयोगशाळेशिवायही पाहता येतो. पाणी साचलेल्या शेतातले पीक पिवळे पडते, कारण नत्र उडून गेलेले असते आणि मुळेही अन्न घेईनाशी झालेली असतात. पीक पिवळे दिसले की आपण घाईने युरिया फेकतो. पाणी तसेच असेल तर त्यातलेही बरेचसे नत्र याच वाटेने जाते आणि पैसे गेले एवढेच हाती उरते. खोऱ्याने हातभर खोल खणून पाहा. माती निळसर-करडी दिसली तर तिथल्या लोहाचा ऑक्सिजन काढून घेतला गेला आहे. करड्या मातीत मुळांच्या वाटेने तांबूस, गंजासारखे ठिपके असतील तर पाण्याची पातळी तेथे वर-खाली होते आहे. आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर सल्फेटची पाळी आलेली आहे, तो हायड्रोजन सल्फाइड.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. भाताला पाण्यात राहता येते ते त्याच्या खोडा-मुळांतल्या पोकळ हवानलिकांमुळे. पानांनी घेतलेला ऑक्सिजन या नलिकांतून खाली मुळांपर्यंत जातो. खोल विहिरीत उतरणाऱ्या पाणबुड्याला वरून नळीने हवा पुरवतात, तसेच समजा. पण नळीचे वरचे तोंड पाण्याबाहेर हवे! रोप लहान असताना त्याच्या शेंड्यावरून पाणी गेले, त्यातही ते पाणी गढूळ असले, की हवाही बंद आणि उजेडही बंद. आठ-दहा दिवसांत रोप कुजते. आपल्याकडे धूळवाफ पेरणी होते, म्हणजे पाऊस येण्याआधीच कोरड्या मातीत भात पेरतात. ते बी रुजत असताना पाणी तुंबले तर कोंब वर येण्याची धडपड करतो, पण मूळ धरत नाही. म्हणून भात पाण्यातले पीक हे खरे, आणि पाण्याने कुजले हेही खरे.

पूर्ण बुडूनही सुमारे दोन आठवडे तग धरणाऱ्या भाताच्या जाती आता आहेत. 'स्वर्णा-सब१' ही त्यातली जात भारतात २००९ साली प्रसारित झाली. पूर्व भारतातल्या पूरक्षेत्रासाठी ती मोठीच सोय ठरली. आपल्या शिवारात लोकांना लागतो बासमती आणि इंद्रायणी, तेव्हा नुसती जात बदलून आपला प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही.

कारण प्रश्न पाण्याच्या वाटेचा आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, हलगा या शिवारांचे पाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. नाल्यात गाळ साचला, जलपर्णी माजली, काठ अरुंद झाले की त्याची पाणी नेण्याची क्षमता घटते. शहर वाढते तसे छपरांवरचे आणि डांबरावरचे पाणी मातीत न मुरता एकदम नाल्यात येते. एकीकडे येणारे पाणी वाढले, दुसरीकडे वाट अरुंद झाली. मग पाणी शेतात पसरते. भातकापणीनंतर मसूर-हरभरा घ्यायचा तर जमिनीला वेळेवर वाफसा यावा लागतो. तो आला नाही की रब्बीही हातची जाते. हा झाला वरून येणाऱ्या पाण्याचा प्रकार. नुकसान डोळ्यांना दिसते, पण पाणी ओसरले की जमीन पुन्हा सावरते.

दुसरा प्रकार खालून येतो. तो दिसत नाही, आणि जमीन सहसा सावरत नाही.

माझ्या मामांचा मळा रायबाग तालुक्यात. कोरडवाहू असताना तिथे जोंधळा आणि करडई व्हायची. कालव्याचे पाणी आले आणि मामांनी ऊस लावला. पहिली काही वर्षे फड असा, की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसत नसे. आम्ही मुले सुट्टीत गेलो की पाटात पाय सोडून बसायचो. पाणी रात्रंदिवस चालू असे. बंद करायला उठायचे कोणी? मग मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात ऊस आखूड राहू लागला. आड जवळजवळ काठोकाठ भरला आणि आजीला त्याचा आनंद झाला! पुढे उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात मीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसू लागला. तो थर दरवर्षी चार-चार सरी वर सरकत गेला. धाकट्या मामेभावाने शेवटी कारखान्यात नोकरी धरली. त्या कोपऱ्यात आज वेडी बाभूळ आहे.

काय झाले असेल? काळी जमीन चिकणमातीची. ती पाणी धरून ठेवते, खाली सोडते फार हळू. आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी कठीण खडक असतो. पिकाला लागते त्याहून जास्त दिलेले पाणी खाली साचत जाते व भूजलाची पातळी वर येते. दिव्यात वात जसे तेल वर ओढते तसे मातीच्या बारीक पोकळ्यांतून हे पाणी वर चढते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते, आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. केंद्र सरकारच्या १९९१ सालच्या कार्यगटाने यासाठी माप ठरवले: भूजल जमिनीखाली २ मीटरच्या आत आले तर ती जमीन पाणथळ, २ ते ३ मीटर असेल तर धोक्याच्या वाटेवर. मामांच्या आडाने ते आधीच सांगितले होते, आम्हाला वाचता आले नाही.

क्षार किती साचतात याचे एक गणित करू. समजा, पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत. असे पाणी चवीला गोडच लागते. समजा, उसाला वर्षात एकरी ८० लाख लिटर पाणी दिले, म्हणजे शेतभर सुमारे २ मीटर उंचीचे पाणी. तर क्षार झाले ४० लाख ग्रॅम. म्हणजे ४ टन, एका एकरात, एका वर्षात! ऊस त्यातला अगदी थोडा भाग उचलतो. उरलेला धुऊन जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो.

या क्षारांत सोडियमचे प्रमाण वाढले की आणखी एक संकट उभे राहते. सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून सुटे करतो. ते बारीक कण पोकळ्या बुजवतात. अशी जमीन भिजली की साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की पाटीसारखी टणक. हिला चोपण म्हणतात. खारवट जमिनीचा सामू सहसा ८.५ च्या खाली असतो, चोपण जमिनीचा त्याच्या वर. घरी करता येण्याजोगी एक परीक्षा सांगतो. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्या आणि वाटाण्याएवढे वाळलेले ढेकूळ हलकेच सोडा. ढवळू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरले तर चोपणपणाचा संशय घ्यावा आणि माती तपासून घ्यावी.

उपाय कोणता? बाजारात गेलात तर पहिला उपाय जिप्सम सांगतात. जिप्सम चांगलेच, त्यातला कॅल्शियम सोडियमला चिकणमातीवरून हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम शेताबाहेर जाणार कुठून? निचरा नसेल तर तो तिथेच फिरत राहील. आणि जमीन नुसती खारवट असेल, चोपण नसेल, तर जिप्समची गरजही नसते. म्हणून आधी चर, मग माती परीक्षण, मग लागेल तेवढे जिप्सम, मग पावसाच्या पाण्याने धुणे आणि धैंचा किंवा ताग पेरून तो जमिनीत गाडणे. हा क्रम उलटा केला की खर्च तेवढा होतो.

चर उघडे काढता येतात. स्वस्त पडतात, पण जमीन अडवतात आणि दरवर्षी साफ करावे लागतात. दुसरा मार्ग जमिनीखालून. सच्छिद्र, नागमोडी कड्यांचे प्लॅस्टिक पाईप गाळणीचे कापड गुंडाळून साधारण सव्वा मीटर खोल, उतार देऊन पुरतात. दोन ओळींतले अंतर मातीवर ठरते. कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यात आणि आपल्या जिल्ह्यात उगार बुद्रुक परिसरात शेतकऱ्यांनी असे निचरे बसवले आहेत. पुरलेल्या पाईपाच्या तोंडातून पहिले खारे पाणी बाहेर पडताना बघण्यासारखे असते.

पण हे तोंड कुठे उघडायचे? खालच्याच्या शेतात? येथे विज्ञान संपते आणि बांधाचे भांडण सुरू होते. वरचा शेतकरी पाणी जास्त देतो, चिबड होते खालच्याची जमीन. खालचा चर बुजवतो, तुंबते वरच्याचे. एकट्याने निचरा करणे जवळजवळ अशक्य. ओढ्यापर्यंत सगळ्यांची मिळून एक वाट लागते. शिरोळकडे हे काम पुढे गेले ते गटाने केले म्हणून. आणि पाणी मोजून देणे, सरीआड सरी भिजवणे, ठिबक वापरणे हे तर निचऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त. रात्रीची लाईट आली की मोटार सुरू करून झोपणारा शेतकरी मला आळशी वाटत नाही; पहाटे दोनला पाणी फिरवायला उठणे सोपे नसते. पण त्या झोपेची किंमत खालचा देतो.

हा प्रश्न नवा नाही. पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांतच बारामतीकडच्या चांगल्या काळ्या जमिनी चिबड आणि खारवट होऊ लागल्या. मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास कक्ष काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्याच रोपट्यातून वाढली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या बारामतीकरांनी जे भोगले तेच माझ्या मामांनी पुन्हा भोगले, मधल्या काळात संशोधन झालेले असूनही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. आपल्या मैदानाचा नैर्ऋत्य कोपरा दरवर्षी ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो. तेथे अडीच मीटर लांबीचा, खालच्या बाजूला भोके पाडलेला एक प्लॅस्टिक पाईप उभा पुरावा. वर टोपण, खाली गाळणीचे कापड, भोवती वाळू. खर्च फारसा नाही. दर सोमवारी आठवीच्या दोन मुलांनी दोरीला वजन बांधून पाणी किती खोल आहे ते मोजायचे आणि वहीत तारीख, खोली व त्या आठवड्याचा पाऊस लिहायचा. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी तिच्यातली पातळीही त्याच दिवशी मोजून आणावी. वडगावच्या त्या मुलीने विहिरीचे माप आणायचे कबूल केले आहे. पाईप बसेपर्यंत वहीची सुरुवात तिच्या विहिरीपासून करू.