म्हाताऱ्या मांजरांचं घर

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, “ताई, तीन म्हातारी मांजरं, त्यातल्या दोघांना जन्माची दुखणी, माझ्याच्यानं निभेल का?” निभेल. माझ्याकडे चार आहेत. ठमीच्या किडन्या थकल्यात, काळूला मधुमेह, राजाचा थायरॉइड वाढलेला आणि चिंगीचे सांधे धरलेले. सुई टोचणं, गोळी भरवणं याची धास्ती घेऊ नकोस, ते हाताला बसतं. खरी पंचाईत निराळी आहे. मांजर दुखणं लपवतं, आणि घरात तीन-चार असली की एकाचं दुखणं दुसऱ्याच्या आड दडतं.

वाडगा रिकामा दिसतो, पण खाल्लं कोणी? ट्रेमधल्या लिटरचे गोळे मोठे व्हायला लागलेत, पण कोणाचे? किडनी दमली की लघवी घट्ट होत नाही, मधुमेहात साखर पाणी ओढून नेते. गोळा दोन्हीकडे मोठाच. म्हणून आधी तो सगळ्यांचा मिळून एक वाडगा बंद कर. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी जेवण, प्रत्येकाची जागा वेगळी, दार लावून. माझ्याकडे ठमी बाथरूममध्ये जेवते आणि काळू बेडरूममध्ये. थोड्या वेळानं वाडगे उचलायचे, उरलंसुरलं बघायचं. पथ्यंही एकमेकांच्या उलट असतात ना! किडनीवालीला फॉस्फरस कमी, प्रथिनं बेताची. मधुमेह्याला भरपूर प्रथिनं आणि पिठूळ काही नको, म्हणजे बहुतेक कोरडे दाणे बाद. राजा तर सगळ्यांच्या वाडग्यात तोंड घालतो आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. पाहुणे म्हणतात, “या वयात काय छान खातोय!” खादाड असून वाळत चाललेलं म्हातारं मांजर दिसलं की कौतुक नंतर, आधी रक्त तपासायचं.

बाळांचा वजनकाटा घे, ग्रॅम दाखवणारा. दर रविवारी एकेकाला बसव आणि प्रत्येकाच्या पानावर आकडा लिही. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम उतरले म्हणजे ६० किलोच्या बाईचे ३ किलो उतरले. उचलून घेताना हाताला ते कळत नाही. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं बरंचसं काम गेलेलं असतं. एसडीएमए नावाची तपासणी पुष्कळदा त्याआधी इशारा देते, ती करून घेच. पण घरबसल्या काट्याइतकं स्वस्त आणि खरं बोलणारं दुसरं काही नाही, असं माझं मत आहे. किडनीवालीचं ब्लडप्रेशरही मोजायला सांग. ते चढून एका रात्रीत दृष्टी गेलेली मांजरं असतात.

आता हे नीट कान देऊन ऐक. आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात, लाल टोपणाची ४० युनिटची आणि केशरी टोपणाची १०० ची. मांजरांना बऱ्याचदा देतात ते ग्लार्जिन १०० चं असतं. ते लाल सिरिंजमध्ये २ च्या खुणेपर्यंत ओढलंस तर आत ५ युनिट जातात. दुकानदार म्हणेल, “हीच घ्या, चालते.” चालत नाही. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मांजर जेवलं नसेल तर सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन. पाय लटपटले, झिंगल्यासारखं चालायला लागलं तर हिरड्यांना मध चोळ आणि तशीच दवाखाना गाठ. काही मांजरांचा मधुमेह पथ्यानं आणि इन्सुलिननं ओसरतोही, मग कालचाच डोस आज जास्त होतो. म्हणून साखर मोजत राहायची.

किडनीवालीच्या सलाईनला मात्र तू उगाच घाबरतेस. आरएलची (रिंगर लॅक्टेटची) बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पडद्याच्या दांडीला लटकवायची. ठमीला मी वॉशिंग मशीनवर टॉवेल घालून बसवते. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलली की खाली छोटा तंबू होतो, सुई त्यात. तोंडाशी चिकनच्या पातळ पेस्टचं पाकीट धरते. ती चाटत असते, बाटली उतरत असते. मग कातडीखाली पाण्याचा फुगा पुढच्या पायापर्यंत लोंबतो. पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो, पण काही तासांत तो जिरतो. किती मिली ते डॉक्टर ठरवतील. आज मलूल दिसते म्हणून आपल्या मनानं जास्त सोडायचं नाही, हृदय कमजोर असेल तर पाणी फुप्फुसात भरतं.

गोळी दिलीस की मागोमाग सिरिंजनं ५ मिली पाणी पाज. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकते, डॉक्सिसायक्लिनसारखी तर आतून जाळते. चिंगीसारखं सांधे धरलेलं मांजर ट्रेबाहेर करायला लागलं तर तो खोडसाळपणा नसतो, कड ओलांडवत नाही त्याला. ट्रेची एक बाजू कापून दे.

पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा नको, मांजराला ते विष आहे. कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं गोचिडीचं औषधही तसंच. चिकन उकडताना कांदा-लसूण नाही. आणि २४ तास तोंडात घास नाही, तर “उद्या बघू” म्हणायचं नाही. विशेषतः लठ्ठ मांजराचं यकृत उपासानं बिघडतं.

पैशांबद्दल. “मांजरावर एवढा खर्च?” म्हणणारे भेटतीलच, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मोकळेपणानं सांग की महिन्याला एवढंच झेपेल, यात काय आधी करायचं? चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. चौघांना सगळं देता येत नाही, आणि एखाद्या तपासणीला नाही म्हटलंस म्हणून माया कमी होत नाही. उलट म्हाताऱ्या जिवाला दर आठवड्याला पिंजऱ्यात कोंबून रिक्षानं नेणं मला तरी पटत नाही. काही डॉक्टर घरी येतात, विचारून बघ.

सगळं एकटीनं ओढू नकोस. नवऱ्याला सलाईन लावायला शिकव, म्हणजे आईकडे दोन दिवस जाता येईल. आणि वजनकाटा याच आठवड्यात आण; पुढचा फोन करशील तेव्हा मला तिघांची वजनं सांग.