कळ दाबली, अक्षर गेले कुठे?

विद्यार्थीमित्रहो, संगणकाच्या पडद्यावर एक अर्ज उघडलेला आहे अशी कल्पना करा. नावाची चौकट, पत्त्याची चौकट, काही प्रश्न आणि शेवटी दोन बटणे. आता तुम्ही कळफलकावरील 'क'ची कळ दाबता. हा 'क' नावाच्या चौकटीत उमटावा की पत्त्याच्या, हे संगणकाला कसे समजते?

माउसच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. त्याचा बाण पडद्यावर कुठेतरी असतोच. त्यामुळे क्लिक केल्याबरोबर ते कुठे केले हेही आज्ञावलीला कळते. कळफलक मात्र अमुक कळ दाबली गेली एवढेच सांगतो. जागा सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. पत्ता न लिहिलेल्या पोस्टकार्डासारखी ही गत! म्हणून तो पत्ता संगणकाला स्वतःच लक्षात ठेवावा लागतो. दाबलेल्या कळा या क्षणी ज्या घटकाकडे जायच्या, त्या घटकावर 'फोकस' आहे असे म्हणतात. लिहायच्या चौकटीत तो लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेने दिसतो; बटणावर असला तर बटणाभोवती ठिपक्यांची किंवा रंगीत कड उमटते.

फोकस पुढच्या घटकावर नेण्यासाठी टॅबची कळ वापरतात, मागे आणण्यासाठी शिफ्ट धरून टॅब. ही कळ टंकलेखन यंत्रावरून आली आहे. आकड्यांचे तक्ते टंकताना कॅरेज एका उडीत ठरलेल्या रकान्यापाशी नेण्यासाठी ती असे. संगणकावर तिचे काम बदलले, पण 'पुढच्या ठरलेल्या थांब्यावर जा' हा अर्थ कायम राहिला.

आता थोडे गणित करू. अर्जात ५ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ४ पर्याय आणि त्यांतला एकच निवडायचा आहे. शेवटी २ बटणे. प्रत्येक पर्यायावर टॅबचा थांबा ठेवला, तर थांबे होतात ५ × ४ + २ = २२. म्हणून संकेत असा, की एका प्रश्नाचे सर्व पर्याय मिळून एकच थांबा. त्यांच्यात आत फिरायचे ते बाणांच्या कळांनी. आता थांबे उरतात केवळ ५ + २ = ७. एसटीने गावापर्यंत जावे आणि गावात पायी फिरावे, तसेच हे. फायलींच्या लांबलचक यादीलाही हाच नियम लागू होतो. यादीत ३०० नावे असली तरी टॅबच्या दृष्टीने ती एकच जागा.

असे संकेत सर्वत्र सारखे असणे महत्त्वाचे. एके काळी प्रत्येक आज्ञावलीच्या कळा निराळ्या असत आणि एक शिकलेला माणूस दुसरीपुढे पुन्हा नवशिका ठरे. आयबीएम कंपनीने १९८७ साली 'कॉमन युजर ॲक्सेस' या नावाने नियम घालून दिले. मदतीसाठी एफ-१, खिडकी बंद करण्यासाठी आल्ट आणि एफ-४, हे त्यांतलेच. विंडोजमध्ये ते आजही चालतात. याउलट, अ‍ॅपलच्या १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या! लोकांनी माउसच वापरावा असा त्यामागे हेतू होता. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसवर मात्र त्या आल्या.

स्पेसबार आणि एंटर यांतला फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्पेसबार फोकस असलेल्या घटकावर काम करतो. खुणेच्या चौकटीत खूण करतो किंवा काढतो, बटण असेल तर ते दाबतो. एंटर मात्र तुम्ही लिहायच्या चौकटीत असलात तरी संवादचौकटीचे मुख्य बटण दाबू शकतो. एस्केप म्हणजे 'राहू द्या'. यावरून सुज्ञ आज्ञावलीकाराने एक गोष्ट ओळखावी: 'फाइल कायमची पुसायची का?' असे विचारताना मुख्य बटण 'नाही' हेच हवे. घाईने एंटर दाबणारे हात थोडे नसतात.

हे सारे वेग वाढवण्यापुरते आहे असे समजू नका. ज्याला बाण दिसतच नाही, त्या अंध व्यक्तीला माउसचा काय उपयोग? ज्याचे हात थरथरतात त्यालाही लहानशा बटणावर नेम धरणे अवघड. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली वापरतात. 'एनव्हीडीए' ही त्यांतली एक, विनामूल्य मिळणारी. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले. ते स्वतः अंध आहेत. फोकस ज्या घटकावर येईल त्याचे नाव, प्रकार आणि स्थिती ती बोलून दाखवते: अमुक नावाची खुणेची चौकट, खूण केलेली नाही. पण एखाद्याने बटणाऐवजी नुसते चित्र रंगवले आणि त्याला टॅबचा थांबाच दिला नाही, तर डोळस माणूस क्लिक करून पुढे जातो, अंध विद्यार्थ्याचा अर्ज तिथेच अडतो. त्याच्यापुरते ते बटण अस्तित्वातच नसते.

दुसरा दोष म्हणजे सापळा. फोकस एका घटकात शिरतो आणि टॅब कितीही दाबली तरी बाहेर येत नाही. तिसरा दोष निव्वळ हौसेचा: फोकसची कड 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकतात. रात्री रस्त्यावरचे दिवे शोभेसाठी मालवण्यासारखे हे आहे. वेबपृष्ठांसाठी डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत (दुसरी आवृत्ती) या तिन्ही गोष्टींची दखल घेतलेली आहे.

टॅबचा एक जुना तंटा मात्र अजून मिटलेला नाही. लेखनाच्या मोठ्या चौकटीत टॅब दाबली तर मजकुरात मोकळी जागा सोडायची की पुढे जायचे? वर्डमध्ये साध्या परिच्छेदात ती जागा सोडते, तर तक्त्यात पुढच्या घरात उडी मारते. तक्त्यात जागाच सोडायची असेल तर कंट्रोल धरून टॅब दाबावी लागते.

आता हा प्रयोग करून पाहा. शाळेच्या संगणकावर लिबरऑफिस रायटर उघडा. ते विनामूल्य असून विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. माउस बाजूला ठेवा. कंट्रोल धरून 'एच' दाबल्यावर शब्द शोधून बदलण्याची चौकट उघडेल. टॅब दाबत जा, प्रत्येक थांबा वहीत नोंदवा, आणि फोकस पहिल्या जागी परत येईपर्यंत किती थांबे लागले ते मोजा. फोकस कुठे आहे हे कधी दिसेनासे झाले का, तेही लिहा. मग एस्केप दाबा: लुकलुकणारी रेघ मजकुरात परत आली का? शिक्षकांना विनंती, की शाळेत एनव्हीडीए बसवता आले तर हाच प्रयोग पडदा बंद करून, केवळ ऐकून, एकदा करवून घ्यावा.