शुवैखमधला जुना लेथ घ्यावा का?

प्रश्न : कुवेतच्या शुवैख औद्योगिक भागात एक जुना लेथ विकायला आहे. घेण्याआधी काय तपासू?

उत्तर : नव्या रंगाकडे बघू नका, बेड बघा. तुमच्याकडची बारीक धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी बेड घासते, आणि तीही चकजवळ, कारण रोजचं काम तिथेच होतं. सॅडल चकजवळ आणून त्याचा लॉक किंचित आवळा, मग हाताने टेलस्टॉककडे न्या. वाटेत जड होऊन अडकलं, तर चकजवळचा बेड झिजलाय.

मग डायल गेज हेडस्टॉकवर बसवून टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवा आणि चकखाली लाकडी दांडा घालून उचला. काटा ०.०३ मिमीच्या पुढे गेला, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. गिअर सगळ्या वेगांवर फिरवून ऐका. टेलस्टॉकचा आधार न देता १५० मिमी गज कापून दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा.

विजेची काळजी नको, तिथेही भारतासारखाच ५० हर्ट्झचा पुरवठा आहे. हाफ नट बदलता येतो, चकही नवा मिळतो. पण बेड ग्राइंड करणं महागडं काम आहे. बेड झिजला असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.