भीती बोलून टाकावी

आजोबांच्या छातीत पेसमेकर आहे. हे लहान यंत्र हृदयाचे ठोके सांभाळते. यंत्रापासून हृदयात एक तार जाते. ती तार बिघडली. उद्या ती बदलायची होती. आजोबांना झोप येईना.

सून म्हणाली, “मामंजी, मनात काय आहे?”

“ठोका मधेच थांबला तर?”

“सकाळी डॉक्टरांनाच विचारू.”

डॉक्टर म्हणाले, “बरे झाले विचारलेत. थोडा धोका असतोच. म्हणून आम्ही ठोक्यांवर सतत लक्ष ठेवतो. लागलेच तर बाहेरच्या यंत्राने ठोके चालवतो. शरीरात पेसमेकर बसवलेले जगातले पहिले गृहस्थ स्वीडनचे, आर्ने लार्सन. साल १९५८. पुढे त्यांचे पेसमेकर वीसाहून जास्त वेळा बदलले. ते ८६ वर्षे जगले.”

आजोबांचा जीव भांड्यात पडला.

भीती पोटात ठेवू नये. विचारावे. जेवण कधी बंद करायचे, औषध कोणते घ्यायचे, तेही विचारावे.