मधल्या पदाची फोड

प्रश्न : ६अ² + ७अब − २०ब² चे अवयव पाडताना मुलगी अडते. दोन चलं आली की गोंधळच. काय करावं?
— एक पालक

उत्तर : ‘ब’ला तात्पुरती संख्या समजायला सांगा, मग ही नेहमीचीच वर्ग त्रिपदी. ६ × (−२०) = −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येणाऱ्या संख्या १५ व −८.

६अ² + १५अब − ८अब − २०ब²
= ३अ(२अ + ५ब) − ४ब(२अ + ५ब)
= (२अ + ५ब)(३अ − ४ब)

खरी गफलत दुसऱ्या जोडीत होते. −४ब बाहेर काढलं की −२०ब² चं कंसात +५ब होतं. मुलं तिथे उणेच ठेवतात आणि कंस जुळत नाहीत.

ताळ्यासाठी अ = १, ब = २ घ्या : दोन्हीकडे −६०. ब = १ नको, गाळलेला ‘ब’ त्यात सापडत नाही.