निलगिरीचं तेल: नाकाला चालेल, पोटाला नाही

थंडी पडली की निलगिरीवरची पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांपैकी तीन सौंसर तालुक्यातली आहेत, त्यातली दोन अर्धनारीश्वराच्या मोहगावातून.

नातू आठ महिन्यांचा आहे. सर्दीनं नाक चोंदतं, रात्रभर रडतो. शेजारीण म्हणते, निलगिरीचे दोन थेंब नाकाशी लावा, छातीला चोळा. सून म्हणते, दवाखान्यात दाखवू. काय करू? (एक आजी, मोहगाव)

आजी, सुनेचं ऐका. इतक्या लहान बाळाच्या नाकाशी असं उग्र तेल गेलं, तर श्वासनलिकेचं तोंड आवळून श्वास अडू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळाला निलगिरी, कापूर किंवा त्यांचा बाम कुठेच लावू नये, उशीवरसुद्धा नाही. नाक मोकळं करायला मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्याआधी घाला. बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. ते ५० किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

आणखी एक सांगतो, ते तुम्ही विचारलेलं नाही. नातू आता रांगायला लागेल. निलगिरीची बाटली दिसायला खोकल्याच्या औषधासारखी असते. चमचाभर, म्हणजे अवघं ५ मिली तेल पोटात गेलं तरी लहान मूल गुंगीत जाऊ शकतं, त्याला झटके येऊ शकतात, आणि हे अर्ध्या तासाच्या आतही घडतं. तसं झालं तर ओकारी काढू नका, मीठ-पाणी पाजू नका. ओकताना तेल फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यानं मोठा अपाय होतो. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. ही वेळ येऊ नये म्हणून आजच ती कुलुपात ठेवा.

धुऱ्यावर निलगिरीची पंधरा-वीस झाडं आहेत. पानं उकळून वाफ घेतो, बरं वाटतं. त्याचाच काढा प्यायला चालेल का? (एक संत्रा बागायतदार, मोहगाव)

वाफ घ्या, काढा नको. पानातल्या सिनिओल नावाच्या द्रव्यामुळे नाक मोकळं वाटतं, कफ थोडा पातळ होतो. सर्दी मात्र तिच्याच वेळेनं जाते. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. १८४३ पासून तमिळनाडूच्या निलगिरी डोंगरात त्याची लागवड झाली आणि डोंगराचं नाव झाडाला चिकटलं. तिथली जात वेगळी, आपल्या मैदानी शेतातली बहुधा वेगळी. पानापानात तेल कमी-जास्त असतं. तेव्हा तुमच्या काढ्यात किती तेल उतरलं हे तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. शिवाय बागेत फवारणी करता तेव्हा वारा ते औषध धुऱ्यावरच्या पानांवरच नेऊन टाकतो ना? वाफेलाही पानं घ्यायची ती फवाऱ्यापासून लांबच्या झाडाची, स्वच्छ धुऊन.

वाफ घेताना पातेलं गॅसवरून उतरवून स्थिर जागी ठेवा आणि पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. उकळतं पाणी अंगावर सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांची सर्दी अगदी साधी होती. दमा असलेल्यांना या वासानं उलट धाप लागू शकते, त्यांनी साधीच वाफ घ्यावी.

गुडघ्यांना तेल तसंच चोळलं, कातडी लाल होऊन आग झाली. (एक वाचक, सौंसर)

हे तेल निव्वळ लावायचं नसतं. एक चमचा निलगिरीत दहा चमचे तिळाचं तेल मिसळा, आधी हाताला थोडं लावून एक दिवस पाहा. जखमेवर नको, लावल्यावर वरून शेक नको. हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. दुखणं तात्पुरतं हलकं होईल, पण गुडघ्याची झीज त्यानं भरून येत नाही.

मला फिट येतात, गोळ्या चालू आहेत. डोकं दुखलं की निलगिरीचा बाम लावतो. (एक तरुण, पांढुर्णा)

तो बंद करा. निलगिरी आणि कापूर नुसते चोळून किंवा हुंगूनही काहींना झटके आल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत. गोळ्या नियमित घेऊनही फिट येत असतील, तर पुढच्या वेळी त्या बामची डबी डॉक्टरांना दाखवा आणि तो दिवसातून किती वेळा लावत होतात, तेही सांगा.